गोल्ड कार्ड हातचं जातंय, जाऊ देऊ का?

पानापक्कड

नमस्कार मंडळी,

प्रश्न एका ओळीचा आहे, पण त्याआधीचं पाल्हाळ सहन करा.

मी पॅकिंगची यंत्रं बसवते. कारखान्यात यंत्राचे खोके पोचले की मागोमाग मी पोचते. यंत्र उभं करायचं, चालवून दाखवायचं, तिथल्या लोकांचा हात बसेपर्यंत थांबायचं आणि परत. सहा महिन्यांनी ते कुरकुरायला लागलं की पुन्हा. अकरा वर्षं हेच चाललंय. वर्षाकाठी ऐंशी-नव्वद उड्डाणं होतात, सगळी इकॉनॉमीत. तिकीट ऑफिस काढतं, आणि ऑफिसला स्क्रीनवर जे सगळ्यात स्वस्त तेवढंच दिसतं.

यातली सात वर्षं माझ्याकडे एकाच विमान कंपनीचं गोल्ड आहे, म्हणजे सारखं त्यांच्याच विमानानं जाणाऱ्याला सवलतींसाठी मिळतं ते कार्ड. (नाव लिहीत नाही. तक्रार माझी आहे, पण माइल्स, म्हणजे उडून साठवलेले गुण, अजून त्यांच्या ताब्यात आहेत!) आतापर्यंत ते उड्डाणं मोजायचे. यंदापासून पैसे मोजतात. विमानात मी पूर्वीइतकीच बसते, पण त्यांच्या हिशेबात अर्धीच उरलेय. ॲपमध्ये एक वर्तुळ आहे, ते भरलं तर गोल्ड टिकतं. ऑक्टोबर संपला तरी ते ६२ टक्क्यांवर अडलंय. ठरलेले दौरे धरले तर ३१ डिसेंबरपर्यंत फार तर ७५. उरलेलं भरायचं असेल तर स्वतःच्या खिशातून महागडं तिकीट काढून, काही काम नसताना, शनिवारी कुठेतरी जाऊन रविवारी परत यायचं. आमच्यातला एकजण दर डिसेंबरात हेच करतो. त्याला मायलेज रन म्हणतात. मी त्याला हसायचे.

आता मी पडले यंत्रवाली. एखादा भाग बदलायचा की ठेवायचा हे ठरवण्याआधी तो काम करतोय का ते बघायची सवय. म्हणून जानेवारीपासून सर्व्हिसच्या वहीच्या मागच्या पानावर नोंद ठेवली: कार्डाचा उपयोग झाला की एक रेघ. ऑक्टोबरअखेर ७१ उड्डाणं झाली.

सगळ्यात जास्त रेघा बॅगेच्या. माझी हत्यारांची पेटी २१ किलोची, कपड्यांची बॅग वेगळी. गोल्डवर एक नग जादा जातो. ५२ वेळा गेला.

दुसरा क्रमांक ऐकून हसाल: विमानात लवकर सोडणं. सीट तर ठरलेलीच असते, मग आधी जाऊन बसायची हौस कशाला, असं मलाही वाटायचं. पण कॉर्डलेस ड्रिलच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. शेवटच्या गटात गेलं की डोक्यावरचे कप्पे भरलेले असतात आणि गेटवरची मंडळी आपली बॅग काढून विमानाच्या पोटात टाकायला घेतात. मग तिथेच उकिडवं बसून बॅग उघडा, कपड्यांखालून बॅटऱ्या उपसा, जॅकेटच्या खिशांत कोंबा. कार्ड मिळायच्या आधीच्या वर्षी हा प्रयोग मी चार वेळा केलाय. रांगेतली लहान मुलं फार रस घेऊन बघतात.

लाउंजमध्ये चाळीसेक वेळा बसले. पण ‘हे नसतं तर अडलं असतं’ असं वाटलं तरच रेघ, असं ठरवलं होतं. त्यामुळे रेघा सहाच, आणि त्यातल्या चार शॉवरच्या. रात्रभर यंत्राखाली उताणं पडून काम केल्यावर पुढचं विमान पाच तासांनी असेल तर गरम पाणी म्हणजे काय, ते ज्याच्या केसांत ग्रीस गेलंय त्यालाच कळेल. एरवी हल्ली लाउंजमध्येही खुर्ची शोधावी लागते.

अपग्रेड, म्हणजे वरच्या वर्गात फुकट जागा: एक. पन्नास मिनिटांच्या उड्डाणात. पडदा ओढून होतो न होतो तोच उतरायची वेळ झाली.

‘प्रायॉरिटी’चा टॅग लावलेली पेटी ५२ पैकी १९ वेळा सुरुवातीच्या बॅगांबरोबर आली. बाकीच्या वेळी टॅग मिरवत, सगळ्यांच्या शेवटी.

आणि वेगळा फोन नंबर. रेघा तीन. पण त्यातली एक मी जाड ओढलीय. धुक्यानं एक मोठा हब, म्हणजे विमानं बदलायचा विमानतळ, बंद पडला, माझं कनेक्शन रद्द. मदतीच्या काउंटरपुढे दोनेकशे लोकांची रांग. मी रांगेत उभं राहून गोल्डच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या बाईंनी अकरा मिनिटांत मला भागीदार कंपनीच्या विमानात, दुसऱ्याच शहरावरून वळवून बसवलं. तोवर रांग तीन माणसं पुढे सरकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लाईन चालू करायची होती, ती झाली.

माइल्सवर काढलेलं फुकट तिकीट: शून्य. खात्यात १,८४,००० माइल्स पडून आहेत.

तर प्रश्न: तुम्ही वारंवार उडणारे लोक या कार्डातल्या नेमक्या कशाला किंमत देता? जाहिरातीत असतं त्याला नव्हे, खरोखर कशाला? आणि डिसेंबरात धावू का?

खिडकीचीजागा

लाउंजला सहा रेघा? अहो, अन्याय आहे हा.

मी महिन्यातून चारदा जातो, विक्रीच्या कामावर. मला लाउंज आवडतो तो दारामुळे. आत गेलं आणि मागे दार मिटलं की गेट बदलल्याच्या घोषणा, पळणारी माणसं, चाकांच्या बॅगांची खडखड, सगळं बंद. वीस मिनिटं कोणी माझ्याकडून काही मागत नाही. याची रेघ कशी ओढणार? तुमची वही फक्त यंत्र दुरुस्त झालं का एवढंच विचारते.

अपग्रेडबद्दल मात्र सहमत. सात वर्षांत मला जे मिळाले ते सगळे छोट्या उड्डाणांवर. लांबच्या रात्रीच्या उड्डाणात माझं नाव यादीत सतरावं असतं आणि जागा दोन.

फक्त_हातबॅग

मी कुणाचंच कार्ड बाळगत नाही. जे विमान वेळेला आणि स्वस्त, ते घ्यायचं. वर्षभरात वाचलेल्या पैशांत हवी तेव्हा जादा बॅग, हवी ती सीट, हवा तर एखादा लाउंजही विकत मिळतो. आणि अडकल्यावर हक्क कार्डानं मिळत नाहीत. युरोपात २६१/२००४ नावाचा नियम आहे. तिथून सुटणारं कुठलंही विमान रद्द झालं तर पर्यायी प्रवास द्यावाच लागतो, आणि चूक कंपनीची असेल तर अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो भरपाई. त्यात गोल्ड-सिल्व्हर असा कॉलम नाही.

धावू नका. शनिवारी झोपा.

काउंटरपलीकडे

तेरा वर्षं मी काउंटरच्या पलीकडे काढली. आधी चेक-इन, मग गेट, आणि शेवटची पाच वर्षं, विमानं कोलमडली की प्रवाशांची सोय लावतात त्या खोलीत. आता तिथे नाही, म्हणून मोकळेपणानं लिहितो.

पानापक्कड, वही झकास आहे, पण तिच्यात एक खोट आहे. जे घडलं त्याच्या रेघा तुम्ही ओढल्या. जे घडलंच नाही त्याची रेघ कोण ओढणार?

उड्डाण रद्द झालं की सुरुवातीला माणूस काही करत नाही, सिस्टिम करते. इकडे १६० माणसं लोंबकळतायत आणि पुढच्या विमानात जागा १४, तर यादी लावावी लागते. कोण वर, कोण खाली हे प्रत्येक कंपनीचं आपापलं गणित असतं, पण त्यात तीन गोष्टी हमखास असतात: कार्ड, तिकिटाचा वर्ग आणि पुढचं कनेक्शन. तुम्ही त्या १४ मध्ये बसता. ॲपवर ‘तुमचं नवं उड्डाण’ असा मेसेज येतो, तुम्ही ‘बरं’ म्हणता आणि गेट शोधायला लागता. फोन नाही, रांग नाही, म्हणून रेघही नाही. फक्त_हातबॅग म्हणतात तो पर्यायी प्रवास पंधराव्यालाही मिळतोच. उद्या संध्याकाळचा.

जागांपेक्षा तिकिटं जास्त विकली जातात तेव्हाही तेच. आधी स्वखुशीनं थांबणारे शोधतात. कोणी तयार नसेल तर कुणाला तरी उतरवावं लागतं, आणि तेव्हा आम्ही यादी खालून वाचायचो. वरून नव्हे.

तुमच्या त्या अकरा मिनिटांचंही तसंच. फोन लवकर उचलला हा त्यातला छोटा भाग. नेहमीच्या नंबरवर बसलेल्या मुलाला बऱ्याचदा फक्त स्वतःच्या कंपनीच्या विमानात हलवता येतं. तुमच्या बाईंना भागीदाराच्या विमानात टाकायची मुभा होती, आणि त्यांना ते तिकीट पुन्हा बनवता येत होतं. खरी चीज ती. ती कुठल्याही माहितीपत्रकात छापत नाहीत, कारण छापली तर द्यावी लागेल.

एक मात्र लक्षात ठेवा: हे सगळं स्वतःच्या कंपनीच्या विमानात. भागीदाराच्या विमानात अडकलात तर त्यांनाही तुमचं कार्ड दिसतं. बॅग, लाउंज, लवकर बोर्डिंग सगळं मिळतं. पण यादी लावताना बहुतेक ठिकाणी घरचे आधी, पाहुणे नंतर.

आता पैसे मोजण्याबद्दल. हे तुमच्या एकट्या कंपनीचं नाही. १९८१ च्या मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सनं ही माइल्सची योजना काढली, काही दिवसांत युनायटेडनं त्यांची काढली, आणि तेव्हा हिशेब नावाप्रमाणे मैलांचा होता. लांब उडालात की जास्त. २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेड, २०१६ मध्ये अमेरिकन, असे सगळे भाड्याच्या रकमेवर माइल्स द्यायला लागले. मग स्टेटसही, म्हणजे गोल्ड-सिल्व्हरचा दर्जा, तिकडेच गेलं. ब्रिटिश एअरवेजनं २०२५ च्या एप्रिलपासून तेच केलं.

कारण सोपं आहे. माइल्सचं मोठं गिऱ्हाईक प्रवासी नाही, बँक आहे. बँका क्रेडिट कार्डावर वाटायला माइल्स घाऊक विकत घेतात, रोख पैसे देऊन. २०२० मध्ये विमानं जमिनीवर होती तेव्हा युनायटेडनं आपली माइल्सची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. डेल्टानंही तशीच ठेवून ९ अब्ज. उडणारा माणूस नसतानाही जी योजना एवढं कर्ज उभं करू शकते, तिच्या लेखी स्वस्त तिकिटावर ७१ वेळा बसणारी बाई कुठे असेल? वाईट वाटून घेऊ नका. मीही कंपनीनं काढलेल्यांतलाच.

धावण्याऐवजी एक करता येईल. भागीदारांच्या गटातल्या (अलायन्स म्हणतात त्याला) कुठल्याही कंपनीच्या विमानात बसून माइल्स दुसऱ्याच सदस्य कंपनीच्या खात्यात टाकता येतात. स्टार अलायन्सचं गोल्ड कुणीही दिलेलं असो, बॅगेचा नियम एकच: वजन मोजतात तिथे २० किलो जादा, नग मोजतात तिथे एक नग जादा. अजूनही अंतर किंवा उड्डाणं मोजणाऱ्या योजना आहेत. पण त्यांचा तक्ता नीट वाचा. अगदी स्वस्त वर्गाच्या तिकिटावर भागीदारांकडून अंतराचा काही अंशच मिळतो, कधी काहीच नाही. तिकिटावरचं ते भाड्याचा वर्ग सांगणारं एक अक्षर बघितल्याशिवाय खातं बदलू नका.

खिडकीचीजागा

‘घरचे आधी, पाहुणे नंतर.’ एका वाक्यात तीन अलायन्स समजले.

पानापक्कड

काउंटरपलीकडे, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री वही पुन्हा काढली, आणि ॲपमधले जुने मेसेजही. जानेवारीपासून माझं उड्डाण पाच वेळा परस्पर बदललं गेलंय. पाचही वेळा त्याच दिवशीचं दुसरं मिळालं. त्यातलं एक तर मला आठवतही नव्हतं. मेसेज सापडला तेव्हा कळलं की मी मूळ विमानात बसलेच नव्हते. यंत्रांच्या भाषेत सांगायचं तर मी फ्यूज मोजलाच नाही, कारण तो उडाला नाही.

हे चांगलं झालं की वाईट, कळत नाही. काल सकाळपर्यंत गोल्ड सोडायला मी तयार होते.

आणि एक खटकतंय. सात वर्षं मी ऑफिसशी भांडून, कधी दोन तास जास्त थांबून, यांच्याच विमानानं गेले. मध्येच नियम बदलला तर त्याला काहीच उत्तर नाही का? करारासारखंच आहे ना हे?

बारीक_अक्षर

नाही, करार आहे तोच मुळी असा आहे की नियम आम्ही केव्हाही बदलू. सदस्य होताना ज्या चौकटीत आपण टिक करतो, त्यात हे लिहिलेलं असतं. मी व्यवसायानं वकील नाही, पण छापील अटी वाचायचा नाद आहे, त्यातून एक प्रकरण सांगतो. तुमच्या पेटीशी त्याचं नातं आहे.

अमेरिकेत मिनेसोटाचे गिन्सबर्ग म्हणून एक रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, होते. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या वर्ल्डपर्क्स योजनेत त्यांचं प्लॅटिनम होतं, म्हणजे गोल्डच्याही वरचं. २००८ मध्ये कंपनीनं त्यांना योजनेतून काढून टाकलं. कारण दिलं ते असं, की तुम्ही फार तक्रारी करता. साताठ महिन्यांत २४ तक्रारी, आणि त्यातल्या नऊ बॅग बेल्टवर उशिरा आल्याच्या! ते कोर्टात गेले. म्हणणं एवढंच की कंपनीनं सचोटीनं वागायला हवं होतं. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि २०१४ मध्ये निकाल लागला, एकमतानं, कंपनीच्या बाजूनं. विमानसेवा खुली करताना १९७८ मध्ये जो कायदा केला, त्यामुळे भाडं आणि सेवांशी जोडलेले असे दावे राज्याच्या कायद्याखाली चालत नाहीत, असं कोर्टानं म्हटलं.

त्यामुळे त्या ५२ उणे १९, म्हणजे ३३ उशिरांबद्दल तुम्ही एकही पत्र लिहिलं नसेल तर बरंच केलंत.

आणि ते १,८४,००० पडून ठेवू नका. माइल्स म्हणजे बँकेतली ठेव नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये एअर बर्लिन दिवाळखोरीत गेली, पाठोपाठ तिची टॉपबोनस योजनाही. माइल्स वापरणं तडकाफडकी बंद झालं. कंपनी धडधाकट असली तरी भाव त्याच ठरवतात. डेल्टानं २०१५ मध्ये कुठल्या मार्गाला किती माइल्स हा तक्ताच वेबसाइटवरून काढून टाकला, युनायटेडनं २०१९ मध्ये. आता जो आकडा स्क्रीनवर दिसेल तो भाव. मुदतही सगळीकडे सारखी नसते. डेल्टा-युनायटेडचे माइल्स मुदतीनं मरत नाहीत. सिंगापूर एअरलाइन्सचे ३६ महिन्यांत जातात.

मला विचाराल तर योजनेत किंमत द्यावी ती एकाच गोष्टीला: बदल करायच्या आधी किती दिवस सांगतात.

परतीचं_तिकीट

शून्य अवॉर्ड तिकिटं वाचून जीव कळवळला. लाउंज-बिउंज ठीक आहे, पण माझ्यासाठी योजना म्हणजे माइल्सवरचं तिकीट, आणि तेही सुट्टीसाठी नव्हे.

मी कॅमेरे भाड्यानं देणाऱ्यांबरोबर फिरते. आमच्या तारखा सारख्या सरकतात. स्वस्त तिकीट काढावं तर रद्द केल्यावर हाती काही येत नाही, पूर्ण परताव्याचं काढावं तर तिप्पट पैसे. माइल्सवरचं तिकीट मात्र बऱ्याच योजनांत रद्द केलं की माइल्स खात्यात परत, करही परत. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी तर २०२० नंतर त्याचं शुल्कही काढून टाकलं. दुसरीकडे थोडं शुल्क असतं. त्यामुळे तारीख डळमळीत असेल तेव्हा मी माइल्सवर एक जागा धरून ठेवते. काम ठरलं तर जाते, सरकलं तर सोडते. मागच्या वर्षी सहा तिकिटं काढली आणि त्यातल्या चारांवर गेलेच नाही. तरी ती चारही मला उपयोगी पडली.

तुमच्या कामातही दिवस सरकत असणारच. यंत्र ठरल्या तारखेला चालू होतं का कधी?

जागा कधी बघायची: वेळापत्रक खुलं होतं तेव्हा, म्हणजे साधारण ३३० ते ३६० दिवस आधी, आणि मग थेट शेवटच्या पंधरवड्यात. विकल्या न जाणाऱ्या जागा तेव्हा सोडतात. मधल्या काळात डोकं फोडून घेऊ नका. भागीदाराच्या विमानात दिसणारी जागा कधी कधी भूत असते. वेबसाइटवर दिसते, पण पैसे भरायला गेलं की नाहीशी. अशा वेळी फोन. आणि माइल्स किती याआधी वर रोख किती लागतात ते बघा. काही कंपन्या इंधनाचा अधिभार अवॉर्ड तिकिटावरही लावतात, मग ते ‘फुकट’ तिकीट विकतच्या जवळ जातं.

तुमच्या घरी माइल्स एकत्र करता येत असतील तर तेही बघा. ब्रिटिश एअरवेज, एमिरेट्स, एअर फ्रान्स-केएलएम यांच्याकडे कुटुंबाचं एक खातं करता येतं.

फक्त_हातबॅग

चार तिकिटं काढून न जाणं आणि त्याला उपयोग म्हणणं! मला झेपणार नाही हे. पण बुद्धी मान्य.

काउंटरपलीकडे

परतीचं_तिकीट, आमच्या खोलीत तुमच्यासारख्यांना एक नाव होतं. इथे लिहीत नाही.

पानापक्कड

मंडळी, उशिरा लिहितेय. मध्ये एक यंत्र बसवून आले.

धावणार नाही. हे आधी सांगते, म्हणजे फक्त_हातबॅग यांना बरं वाटेल.

पण कारण वेगळंच निघालं. काउंटरपलीकडे म्हणाले तसं तिकिटावरचं अक्षर बघायला ऑफिसमधून वर्षाची सगळी तिकिटं मागवली. बघते तर त्यातल्या बऱ्याच तिकिटांवर एकाही बॅगेची सोय नव्हती! नुसत्या हातबॅगेचं सगळ्यात खालचं भाडं. माझी कपड्यांची बॅग ऑफिसातून पैसे भरून जोडलेली, आणि हत्यारांची पेटी, जी खरं तर कंपनीची, ती माझ्या कार्डावर. सात वर्षं. मला वाटत होतं कार्ड माझ्या उपयोगी पडतंय. ५२ रेघांपैकी एकही माझी नव्हती.

मग बसून हिशेब केला. त्या त्या विमान कंपनीच्या वेबसाइटवरून जादा बॅगेचे दर काढले, ५२ ने नाही, प्रत्येक प्रवासाचा वेगळा गुणाकार करून बेरीज मारली आणि कागद साहेबांपुढे ठेवला. वर लिहिलं: १ मार्चपासून हा खर्च तुमचा. (कार्ड फेब्रुवारीअखेर उतरणार आहे.) साहेबांनी कागद दोनदा वाचला. कॅल्क्युलेटर काढला. मग विचारलं, आधी का नाही सांगितलं? आता हे मी कसं सांगणार, मलाच कालपर्यंत माहीत नव्हतं.

निष्पत्ती अशी की लगेचच माझी तिकिटं एक पायरी वरच्या भाड्याची निघायला लागली. त्यात दोन बॅगा येतात आणि तारीख बदलता येते. साहेबांना तारीख बदलण्याचं महत्त्व बॅगेहून लवकर पटलं, कारण नोव्हेंबरातच दोन तिकिटं फुकट गेली होती.

परतीचं_तिकीट, तुमचा प्रयोग केला. पुढच्या महिन्यातलं एक काम ‘नक्की’ आहे असं गिऱ्हाईक म्हणतंय, आणि त्यांचं नक्की मला माहीत आहे. माइल्सवर जागा धरलीय. भूत नव्हती, तिकीट नंबर आला. ऑफिसला सांगितलेलं नाही. दुसऱ्या योजनेत खातंही काढलं, पण तिकडे लगेच उड्या मारणार नाही. जानेवारीपासून त्या अक्षराप्रमाणे एकेक उड्डाण दोन्हीकडे मांडून बघते, मग ठरवते.

खिडकीचीजागा, वहीत एक नवा रकाना काढलाय. नाव दिलंय ‘दार’. पहिल्या आठवड्यात दोन रेघा.

काउंटरपलीकडे, फ्यूजचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही. मार्चमध्ये धुकं पडलं तर मी पंधरावी असेन. साहेबांच्या कागदावर ते कुठल्या ओळीत लिहायचं?

आणि एक गंमत. वरच्या भाड्यामुळे पैसे जास्त मोजले जातायत, त्यामुळे ते वर्तुळ सरकायला लागलंय. आज ७१. बघायचं नाही असं ठरवलंय, पण गेटवर बसलं की बोट आपोआप तिकडेच जातं.

काउंटरपलीकडे

७१ आणि डिसेंबरचे किती दौरे?

पानापक्कड

तीन. त्यातला एक तो ‘नक्की’ वाला, आणि तो तर मी माइल्सवर काढून बसलेय. अवॉर्ड तिकिटाचे पैसे वर्तुळात धरत नाहीत ना?

काउंटरपलीकडे

नाही.